पेशी मेल्या म्हणजे रुग्ण बरा झाला का?

“डॉक्टरसाहेब, अमुक झाडाच्या अर्कानं लिव्हरचा कॅन्सर मरतो असं पेपरात आलंय. मग ऑपरेशन कशाला? आधी तीन महिने ते घेऊन बघू का?”

लिव्हरमध्ये गाठ निघाली की घरातलं कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. कधी हातात बातमीचं कात्रण असतं, बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज. विचारणारा माणूस अडाणी नसतो आणि बातमी खोटी असतेच असंही नाही. कुठल्या तरी प्रयोगशाळेत त्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी खरोखर मेलेल्या असतात. घोळ होतो तो पुढे. “पेशी मेल्या” हे वाचून “रुग्ण बरा झाला” असा अर्थ आपण लावतो. या दोन वाक्यांमध्ये कित्येक वर्षांचं काम असतं आणि बहुतेक अर्क त्या वाटेतच गळतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. औषधी वनस्पतींची कॅन्सरवर चाचणी व्हायलाच हवी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही व्हायला हवी. पण जिची चाचणी अजून सुरू आहे ती वस्तू औषध म्हणून घेऊ नये, आणि तिच्यापायी हाताशी असलेला उपचार तर एक दिवसही लांबवू नये. असं का म्हणतो ते नीट बघू.

काविळीच्या औषधाचा दबदबा

झाडपाल्याच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडाची रानं आहेत. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाला या रानाची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे. खाली सपाटीला शेताच्या बांधावर भुईआवळा, माका, पुनर्नवा, शरपुंखा, गुळवेल सहज सापडतात आणि या सगळ्यांचं नाव पूर्वापार लिव्हरशी जोडलेलं आहे. लोणी, संगमनेर, कोपरगावला फार्मसी कॉलेजं आहेत, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला लांब जावं लागत नाही.

शिवाय गावोगावी काविळीचं औषध देणारे आहेत. गळ्यात माळ, नाकात थेंब, सकाळी उपाशीपोटी पाल्याचा रस. अनेकांना गुण आल्याचं तुम्हीही ऐकलं असेल. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातली तरी उतरते, नाही घातली तरी उतरते. श्रेय मात्र माळेला मिळतं. (गरोदर बाईला ‘ई’ची कावीळ जिवावर बेतू शकते, तिथे एक दिवसही घरी थांबू नका.)

कावीळ हा एक आजार नाही, ते लक्षण आहे. पित्तनळीत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, सिरोसिसमध्ये होतात आणि कॅन्सरमध्येही होतात. ही कावीळ आपोआप उतरत नाही. पण “आमच्या काकांची कावीळ याच औषधानं गेली” हा विश्वास तोवर पक्का झालेला असतो. त्याच विश्वासाला प्रयोगशाळेतली बातमी येऊन मिळते.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

झाडाची पानं किंवा मुळं सावलीत वाळवतात, भुकटी करतात, ती पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवतात आणि द्रव उडवून टाकतात. खाली उरतो तो घट्ट, गडद अर्क. त्यात एक नाही, अनेक रसायनं असतात.

मग लागतात कॅन्सरच्या पेशी. आपल्याकडच्या बऱ्याच संशोधकांना त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. लिव्हरसाठी सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींचं नाव ‘हेप-जी-टू’. प्लास्टिकच्या एका ताटलीत ९६ छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात पेशी वाढवतात, त्यावर कमी-जास्त प्रमाणात अर्क टाकतात आणि एक-दोन दिवस शरीराच्या तापमानाला ठेवतात. नंतर एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग किती गडद आहे ते यंत्र मोजतं. झाली चाचणी.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथेही बाहेरून आलेले नमुने कॅन्सर पेशींवर तपासून देण्याची सोय आहे, फक्त रंगाची पद्धत थोडी वेगळी. अशा चाचण्यांत कच्च्या अर्काला साधारण एक कसोटी लावतात. पेशींची वाढ निम्म्यावर आणायला एका मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी अर्क पुरला, तर तो पुढे तपासण्याजोगा. म्हणजे या चाचणीचा हेतू चाळणी लावण्याचा आहे. चाळणीत वर राहिलेला अर्क हे औषध नव्हे, तो पुढच्या परीक्षेला बसण्याचा परवाना आहे.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ताटलीतल्या पेशी मारणं सोपं असतं. मीठ जास्त झालं तरी त्या मरतात, फिनेलचा थेंब पडला तरी मरतात. खरा प्रश्न असतो तो असा की त्याच मात्रेत निरोगी पेशी जगतात का? हा भाग बातमीत नसतो आणि कित्येक शोधनिबंधांतही नसतो.

दुसरी, त्या पेशी कोणाच्या? हेप-जी-टू पेशी १९७०च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या लिव्हरच्या गाठीपासून तयार केल्या. त्या मोठ्या माणसांच्या नेहमीच्या लिव्हर कॅन्सरच्या आहेत असं समजून जगभर वापरल्या गेल्या. २००९ मध्ये मूळ नमुने पुन्हा तपासल्यावर तो लहान मुलांमध्ये होणारा वेगळा ट्यूमर, हिपॅटोब्लास्टोमा, असल्याचं दिसलं. या पेशी निरुपयोगी नाहीत. पण साठीतल्या, सिरोसिस झालेल्या माणसाच्या गाठीबद्दल त्यांच्यावरून ठाम बोलता येत नाही.

तिसरी, ताटलीला तोंड नसतं, जठर नसतं, आतडं नसतं. अर्क थेट पेशीवर पडतो. माणसात तसं होत नाही.

ताटलीतली मात्रा आणि माणसाच्या रक्तातली मात्रा

थोडा हिशेब करू. समजा, अर्कानं मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम या मात्रेत काम केलं. मोठ्या माणसात सुमारे ५ लिटर रक्त असतं. तेवढ्या रक्तात ही मात्रा आणायला अर्धा ग्रॅम अर्क थेट शिरेत हवा. पण औषध रक्तातच थांबत नाही, शरीरातल्या सुमारे ४० लिटर पाण्यात पसरू शकतं. मग लागतील ४ ग्रॅम. तेही सगळं रक्तात पोचलं तर. तोंडानं घेतल्यावर काही भाग जठरात बदलतो, काही आतड्यातून शोषलाच जात नाही आणि जो शोषला जातो तो आधी लिव्हरमध्ये जाऊन मोडला जातो.

आपल्या हळदीचंच उदाहरण घ्या. हळदीतलं कर्क्युमिन ताटलीतल्या अनेक प्रकारच्या कॅन्सर पेशींना मारतं. पण माणसांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातली पातळी एका मिलिलिटरला नॅनोग्रॅमच्या घरातच राहिली. एक नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. ताटलीत लागत होती त्याच्या जवळपासही ही मात्रा नव्हती. नगरची हळद भाजीत जरूर घाला, पण चमचे वाढवून गाठ विरघळणार नाही.

उंदरांच्या प्रयोगातली एक मेख

ताटलीनंतर उंदीर येतात. “अर्कानं उंदरांच्या लिव्हरचं संरक्षण झालं” असं वाचाल तेव्हा एवढंच बघा, अर्क कधी दिला? बऱ्याच प्रयोगांत आधी काही दिवस अर्क देतात आणि मग लिव्हरला इजा करणारं रसायन देतात. इजा कमी झाली तर अर्क ‘लिव्हररक्षक’ ठरतो. पण रुग्ण आमच्याकडे येतो तो इजा झाल्यावर, बहुतेक वेळा गाठ वाढल्यावर. पावसाच्या आधी छप्पर शाकारणं वेगळं आणि घरात पाणी शिरल्यावर ते काढणं वेगळं. पहिल्या कामाच्या पुराव्यावर दुसऱ्या कामाची हमी देता येत नाही.

भुईआवळ्यानं शिकवलेला धडा

माणसांवरची चाचणीसुद्धा एकच पुरत नाही, हे भुईआवळ्याच्या गोष्टीतून चांगलं कळतं. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये राहतो आणि लिव्हर कॅन्सरच्या मोठ्या कारणांपैकी तो एक आहे. १९८८ मध्ये तेव्हाच्या मद्रासच्या डॉ. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नामवंत नियतकालिकात एक अभ्यास छापला. विषाणू बाळगणाऱ्या लोकांना ३० दिवस भुईआवळा दिला. नंतर तपासलं तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, म्हणजे ५९ टक्के. दिखाऊ गोळी घेणाऱ्या २३ जणांत मात्र एकाचीच.

जगभर खळबळ उडाली. उडायलाच हवी होती. मग इतर ठिकाणी, इतर डॉक्टरांनी तोच प्रयोग केला आणि तसा गुण पुन्हा दिसेना. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांनाही खात्रीशीर पुरावा सापडला नाही. म्हणून मद्रासच्या डॉक्टरांनी केलेलं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तुलना केली, आकडे मांडले, म्हणूनच इतरांना पडताळा घेता आला. विज्ञान असंच चालतं. वाया जातं ते पडताळ्याआधीच बाटलीत भरून विकलेलं औषध, आणि त्यावर विसंबलेल्या माणसाचे महिने.

वनस्पतीचं औषध होतं तेव्हा

“मग झाडापासून कॅन्सरचं औषध निघतच नाही का?” निघतं, आणि त्यात आपल्या मातीतल्या माणसाचा हात आहे. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले डॉ. मनसुखलाल वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी झाडांचे अर्क तपासले. एका चिनी झाडातून १९६६ मध्ये ‘कॅम्प्टोथेसिन’ हे रसायन वेगळं केलं. १९७१ मध्ये यू जातीच्या झाडातलं ‘टॅक्सॉल’ जगासमोर आणलं. आज स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल ते हेच.

कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. पण पुढे काय झालं ते बघा. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत या रसायनानं इतका त्रास दिला, लघवीतून रक्त, जुलाब, रक्तपेशी घटणं, की त्या थांबवाव्या लागल्या. ते कॅन्सर पेशीत नेमकं काय करतं हे कळायला १९८५ उजाडलं. मग त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली आणि अमेरिकेत त्यांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. अर्कापासून औषधापर्यंत ३० वर्षं. आणि आज ती मुख्यतः मोठ्या आतड्याच्या, बीजकोशाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वापरतात, लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये नाही.

नरक्याच्या खोडाला बाहेर भाव आला तसं आपल्या घाटात त्याची चोरटी तोड झाली. रोग्याच्या हाती मात्र ते लाकूड उकळून प्यायल्यानं विषबाधेशिवाय काही लागणार नाही. झाडात औषध असणं आणि झाड औषध असणं यात हा फरक आहे.

“झाडपाल्यानं अपाय तर होणार नाही ना?”

होऊ शकतो, आणि नेमका लिव्हरलाच. पोटात गेलेली बहुतेक औषधं मोडण्याचं काम लिव्हर करतं. जे लिव्हर आधीच सिरोसिसनं थकलेलं आहे, त्यावर अनोळखी रसायनांचा बोजा टाकणं धोक्याचं असतं.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेतलेले आणि लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांना आढळले. त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असं याचा अर्थ नाही. पण “नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे” हे वाक्य लिव्हरच्या रुग्णानं डोक्यातून काढून टाकावं.

गमावण्यासारखं काय आहे?

लिव्हरची गाठ लहान असताना सापडली तर ती कापून काढता येते, सुई घालून जाळता येते, काहींना लिव्हर प्रत्यारोपण करता येतं. यातून माणसं बरी होतात. गाठ रक्तवाहिनीत शिरली, पोटात पाणी झालं, की हे दरवाजे बंद होत जातात. “तीन महिने घेऊन बघू” यातले तीन महिने नेमके तिथून वजा होतात.

पुढच्या टप्प्यातली औषधं जादूची नाहीत, तेही प्रामाणिकपणे सांगतो. सोराफेनिब या गोळीची ६०२ रुग्णांवर चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १०.७ महिने, न घेणाऱ्यांचं ७.९. म्हणजे फरक जेमतेम तीन महिन्यांचा. त्यानंतर आलेल्या औषधांनी हा काळ आणखी वाढवला आहे. पण हा तीन महिन्यांचा फरक खरा आहे हे छातीठोकपणे सांगता येतं, कारण तो मोजलेला आहे. कुठल्याही अर्काच्या बाटलीवर असा आकडा मला दाखवा, मी तो आनंदानं लिहून देईन.

पैशाचाही प्रश्न असतो आणि तो मी हलका मानत नाही. याच गोळीचा महिन्याचा खर्च एके काळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं एका भारतीय कंपनीला ती बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत महिन्याला सुमारे ८,८०० रुपयांवर आली. उपचार न परवडणारा माणूस झाडपाल्याकडे वळला तर त्याला दोष देता येत नाही. त्याला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल सांगणं आमचं काम आहे. आपल्या आजारावरचा कोणता उपचार तिच्यात बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा.

मग करायचं काय?

कॉलेजांना माझं सांगणं असं आहे. त्याच पेशींवर नवनवी पानं टाकून पहिली पायरी शंभर वेळा चढण्यापेक्षा एखादा आशादायक अर्क घेऊन पुढच्या पायऱ्या चढा. निरोगी पेशींवर तपासा, त्यातलं नेमकं रसायन शोधा, मोठ्या संस्थांची मदत घ्या. उपयोग झाला नाही तर तेही छापा. पत्रकारांना विनंती अशी की मथळ्यात “ताटलीतल्या पेशींवर” हे दोन शब्द वाढवा, कोणाचं तरी ऑपरेशन वेळेवर होईल. आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं १९५४च्या जादूटोणासदृश औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, हे आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

तुम्ही बातमी वाचाल तेव्हा हे चार प्रश्न विचारा:

१. प्रयोग कशावर झाला? पेशींवर, उंदरांवर की माणसांवर?
२. माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि तुलना कशाशी केली?
३. दुसऱ्या कोणी पडताळा घेतला का?
४. मोजलं काय? रंग, गाठीचा आकार की माणूस किती जगला?

कोणी “आमच्या औषधाची चाचणी सुरू आहे, तुम्ही घ्या” म्हणालं तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक मागा. आपल्या देशात २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर बघता येते. खऱ्या चाचणीत लेखी संमती घेतात आणि तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. पैसे मागितले की समजून जा.

आणि तुम्ही काही झाडपाला घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून रुग्ण सांगत नाहीत आणि मग लिव्हरच्या तपासण्या का बिघडल्या याचा शोध घेण्यात आठवडे जातात. बाटली, पुडी, पाला जे असेल ते सोबत आणा. माझ्याकडे आणलंत तर मी रागावणार नाही, शब्द देतो.

शेवटी, लिव्हर कॅन्सरवर ज्या गोष्टी नक्की काम करतात त्या फार साध्या आहेत. बाळाला जन्मल्याबरोबर हिपॅटायटिस ‘बी’ची लस द्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधला लिव्हर कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. मोठ्यांनी आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची रक्ततपासणी करून घ्यावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांचे उपचार मोफत आहेत. दारू सोडा. वजन आणि साखर आटोक्यात ठेवा. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका निवडून वापरायचा मोह टाळा, सरळ फेकून द्या, त्या बुरशीतलं विष लिव्हरचा कॅन्सर करतं. आणि सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. गाठ सुपारीएवढी असताना सापडली तर तुमच्यापुढे पर्याय असतात, आणि ते निवडायला मी तुमच्यासोबत बसेन.